दुर्लक्ष झालेला हॅमस्टर घरी आणलाय? पहिले काही आठवडे असे काढा

मागच्या वर्षी मार्च संपता संपता आमच्या सोसायटीतल्या एका ताईंनी लिफ्टमध्ये विचारलं, "तुम्हाला प्राण्यांची आवड आहे ना, मग आमचा हॅमस्टर घेता का? पोराचा इंटरेस्ट संपला आणि सुट्टीत आम्ही गावाला चाललोय." मी नुसतं बघायला म्हणून गेले. बाल्कनीत वॉशिंग मशीनवर तारेचा एक पिंजरा, ए-फोर कागदाहून जेमतेम मोठा, खाली ओल्या वर्तमानपत्राचा लगदा, कडेला सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, पाण्याच्या बाटलीत हिरवं शेवाळ. बाटलीच्या नळीतली गोळी बोटाने दाबून बघितली तर थेंब येईना, जाम झालेली. आणि कोपऱ्यात एक सोनेरी गोळा. पिंजऱ्याला हात लावल्याबरोबर तो पाठीवर पडून असा किंचाळला की माझ्याच हातातून पिंजरा सुटणार होता. "चावते हं ती," पोरगा दारातून म्हणाला.

ही माणसं वाईट नव्हती, दुकानदाराने सांगितलं होतं "बिया टाका, पाणी ठेवा, बास", तेवढंच ते करत होते. मुंबई-पुण्यात हॅमस्टर असेच विकले जातात, खोक्यात दहा-पंधरा, सोबत हाच पिंजरा. तर ती आमच्याकडे आली, नाव ठेवलं बुंदी, आणि पहिल्या आठवड्यात मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितेय.

आणायच्या आधी

शक्य असेल तर एक दिवस मागून घ्या. त्या दिवसात घर तयार करता येतं, नाहीतर तो जीव घाणेरड्या पिंजऱ्यातून निघून बुटांच्या खोक्यात दोन दिवस बसतो. आधीच्या मालकाला विचारा: वय साधारण किती, नर की मादी, दुसऱ्या हॅमस्टरबरोबर ठेवला होता का आणि कधीपर्यंत, काय खातो, कधी डॉक्टरला दाखवलंय का. उत्तरं अर्धवट मिळतील, चालेल. पण "बरोबर एक अजून होता, तो मेला" असं कळलं तर ते महत्त्वाचं आहे, त्यावर खाली येतेच.

आणताना जुना सगळा कचरा फेकून देऊ नका. किळस येते, मान्य, पण त्यातला कमी ओला, त्यातल्या त्यात स्वच्छ मूठभर भाग पिशवीत घ्या. हॅमस्टरला दिसतं फार कमी, त्याचं जग वासाचं. नव्या घरात स्वतःचा वास सापडला नाही तर तो अजूनच घाबरतो. मी पहिल्यांदा सगळं फेकलं, पिंजरा डेटॉलने घासला, आणि बुंदी एका कडेने नुसत्या येरझाऱ्या घालत राहिली. शेवटी रात्री साडेबाराला सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यातून मीच टाकलेली पिशवी परत काढली, वॉचमनकाका बघत होते.

पहिला तास: हात न लावता तपासणी

प्रवासानंतर लगेच उचलायचं नाही. पारदर्शक डब्यात ठेवा, झाकणाला भोकं पाहिजेत, आणि नुसतं बघा. खालूनही बघा, डबा वर धरून, त्यात बरंच कळतं.

वजन आधी घ्या. किचनचा डिजिटल काटा, रिकामा डबा आधी ठेवून शून्य करून घेतलेला, मग त्यावर हॅमस्टरसकट डबा. सीरियन म्हणजे नेहमीचा मोठा सोनेरी हॅमस्टर पूर्ण वाढलेला साधारण १०० ते १५० ग्रॅम असतो, ड्वार्फ म्हणजे छोटे ३० ते ५० ग्रॅमचे. बुंदी ८६ भरली. आकडा वहीत तारखेसकट लिहून ठेवा, पुढचा महिनाभर हा आकडा तुम्हाला डोळ्यांपेक्षा जास्त सांगेल.

मग डोळे. उघडे, चमकदार पाहिजेत. एखादा डोळा चिकटून बंद असेल तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून हलक्या हाताने पुसा, ओढायचा नाही. तरी रोज चिकटत असेल तर डॉक्टर. नाक कोरडं, श्वासाला टिकटिक किंवा घरघर नको. नखं गोल वळलीत का. अंगावर टक्कल, खवले, खाजवून झालेल्या जखमा आहेत का.

आता दोन गोष्टी ज्यात मी उगाच घाबरले. एक, दात पिवळे-केशरी होते, मला वाटलं किडलेत. नाही, हॅमस्टरचे पुढचे दात तसेच असतात, उलट पांढरेफटक दिसले तर काळजी करायची. रंग नाही, लांबी बघा, वाकडे वाढून ओठात किंवा टाळूत घुसत असतील तर तो खाऊ शकत नाही आणि ते डॉक्टरकडून कापून घ्यावे लागतात, घरी नेलकटर घेऊन बसू नका. दुसरं, दोन्ही कुशींवर काळपट, थोडे तेलकट डाग, मी ठरवलंच की ही खरूज. त्या वासाच्या ग्रंथी निघाल्या, सीरियनला कुशीवर असतात, ड्वार्फला पोटावर.

कधी थांबायचंच नाही

शेपटीखालचा भाग ओला, चिकट, वास येतोय, जुलाब होतायत, तर उद्या बघू म्हणू नका. याला वेट टेल म्हणतात, विशेषतः लहान वयाच्या आणि नुकत्याच जागा बदललेल्या हॅमस्टरला होतो, आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. तसंच चोवीस तासात काहीच खाल्लं नाही, तोंड उघडून श्वास घेतोय, रक्त येतंय, एका बाजूला कलंडतोय, एकच गाल फुगलेला आणि रिकामाच होत नाही (हॅमस्टर गालांतल्या पिशव्यांत खाणं भरून नेतो, पण नंतर काढतो), तर सरळ डॉक्टर.

आणि डॉक्टर म्हणजे कुठलाही कुत्र्या-मांजराचा डॉक्टर नाही. आधी फोन करून विचारा, "हॅमस्टर बघता का?" नाही म्हणाले तर राग मानू नका, नाही म्हणणारा चांगला, अंदाजाने औषध देणाऱ्यापेक्षा. याचं कारण सांगते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही आपल्या घराघरात पडलेली अँटिबायोटिक्स हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात, वाईट वाढतात आणि हॅमस्टर त्यानेच मरतो. म्हणजे "अर्धी गोळी पाण्यात विरघळवून देऊ" हा प्रकार जीवघेणा आहे. एक्झॉटिक किंवा छोटे प्राणी बघणारा डॉक्टर मुंबई, पुणे, ठाणे, नाशिकमध्ये शोधला तर मिळतो. मुंबईत कोणीच सापडेना तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला फोन करून विचारून बघा. डॉक्टरचा नंबर गरज पडायच्या आधी मोबाईलमध्ये सेव्ह करा, रात्री अकराला शोधत बसायची पाळी येऊ नये.

पाणी आणि पहिली रात्र

पिंजऱ्यातली बाटली जाम असेल तर तो किती दिवस तहानलेला आहे कोणालाच माहीत नसतं. खांद्यामागची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच खाली बसली नाही तर अंगात पाणी कमी आहे. पहिल्या रात्री मी दोन्ही ठेवलं, नवी बाटली आणि एक जड, उथळ, चिनीमातीची वाटी, चटणीला वापरतो ती. बाटली लावल्यावर बोटाने गोळी दाबून थेंब येतोय ना बघायचं, रोज. शिवाय काकडीची एक पातळ चकती. साधारण १०० ग्रॅमचा हॅमस्टर दिवसाला १० मिलीच्या आसपास पाणी पितो, त्यामुळे बाटलीवर मार्करने रेघ मारली की पितोय का नाही ते सकाळी कळतं. बुंदीने त्या रात्री बाटलीकडे बघितलंही नाही, वाटीसमोर बसून इतका वेळ पाणी प्यायली की मला वाटलं आता हिच्या पोटाला काही होतंय.

घर: इथे पैसे आणि वेळ घाला

हा भाग जरा लांब आहे, कारण चावणं, गज कुरतडणं, येरझाऱ्या यातलं अर्धं दुखणं जागेचं असतं.

१९३० साली सीरियात अलेप्पोजवळ इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने जमीन खणून एक मादी आणि तिची पिल्लं बाहेर काढली, आणि आज जगभर घरात असलेले सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सगळे त्याच कुटुंबाचे वंशज. त्यांना काढायला शेत खणावं लागलं हे लक्षात ठेवा. हा प्राणी बिळात राहणारा आहे, एकटा राहणारा आहे, रात्री मैलोन्मैल पळणारा आहे, आणि आपण त्याला टाइलवर दोन इंच भुसा घालून ठेवतो.

जागा: १०० बाय ५० सेंटिमीटर तळ धरून चाला. एवढा पिंजरा आपल्याकडे दुकानात मिळत नाही, मग जुगाड. मी जवळपास तेवढाच, जुना तीन फुटी फिश टँक घेतला, गळका होता म्हणून स्वस्त मिळाला, आपल्याला कुठे पाणी भरायचंय. वर सुताराकडून लाकडी चौकट आणि बारीक वेल्डमेश जाळी. काहीजण मोठा प्लास्टिकचा स्टोरेज बॉक्स घेऊन झाकण कापून जाळी बसवतात, तेही चालतं, फक्त बॉक्स जेवढा लांब मिळेल तेवढा लांब. उंच मजल्यामजल्याचे रंगीत पिंजरे नकोत, हॅमस्टर चढतो पण उतरता येत नाही त्याला, सरळ पडतो.

खाली निदान २० सेंटिमीटर बेडिंग, म्हणजे वीतभर. वखारीतला भुसा आणू नका, त्यात बारीक धूळ असते, प्लायवूडचा चिकटपदार्थ असतो, पाईनचा उग्र वास असतो, श्वासाला त्रास. कागदी बेडिंग ऑनलाइन मिळतं पण वीतभर भरायचं तर खिसा रिकामा होतो, म्हणून मी एक थर कागदी बेडिंग, एक थर सुकं गवत, एक थर फाडलेला बिनवासाचा टिश्यू, परत बेडिंग, असं हाताने दाबून दाबून भरलं. दाबलं नाही तर बीळ कोसळतं. आणि दुकानात "मऊ घरटं" म्हणून तो कापसासारखा गोळा देतात तो फुकट दिला तरी घेऊ नका, त्याचे धागे पायात गुंडाळतात, गालात अडकतात. टॉयलेट पेपरच्या पट्ट्या द्या, बास.

चाक: सीरियनला २८ सेंटिमीटरच्या आसपास, ड्वार्फला २०. पट्टी अखंड पाहिजे, तारेची नको, पाय अडकून मोडतो. परीक्षा सोपी आहे, पळताना पाठ सरळ राहिली पाहिजे. बुंदीच्या जुन्या चाकात ती धनुष्यासारखी उलटी वाकायची.

वाळू: हॅमस्टरला पाण्याने अंघोळ घालायची नाही, कितीही घाण असला तरी. वास मारतोय म्हणून शॅम्पू लावलेले हॅमस्टर गारठून मेलेत. त्याला वाळूचा खोलगट ट्रे द्या, तो स्वतः लोळून स्वच्छ होतो. क्रश सँड नको, ती टोकदार असते. नदीची वाळू बारीक चाळणीने चाळली, सात-आठ पाण्यांनी धुतली, उन्हात वाळवली आणि जुन्या कढईत पंधरा मिनिटं भाजून थंड केली. आई म्हणाली शेंगा भाजायला ठेव आता त्यात. तीन दिवसांत बुंदीचा राखट रंग जाऊन खालून खरंच बुंदीचा रंग निघाला.

बाकी लपायला जागा भरपूर द्या, इथे कंजूषी नको. फॉइलचे रिकामे रोल, बिनतळाचं पुठ्ठ्याचं घर, आडवी ठेवलेली मातीची कुंडी. जड वस्तू आधी टँकच्या तळावर टेकवा आणि मग भोवती बेडिंग भरा, नाहीतर ती खाली खणते आणि कुंडी अंगावर येते.

टँक कुठे ठेवायचा? बाल्कनी नाही, स्वयंपाकघर नाही, टीव्हीशेजारी नाही, इन्व्हर्टरजवळ तर नाहीच, त्यांना आपल्याला न ऐकू येणारे बारीक आवाजही ऐकू येतात. देवघरापासूनही लांब, धूप-अगरबत्तीच्या धुराने त्यांना त्रास होतो, तेच मच्छर कॉइलचं. मुंग्यांसाठी खडू मारायचा नाही, तो विषारी. आजी दुधाच्या जाळीच्या कपाटाला करायची तेच करा, टेबलाचे चार पाय चार वाट्यांत आणि वाट्यांत पाणी. मांजर असेल तर दार बंद होणारी खोली.

पहिले चार दिवस: काही करू नका

हेच सगळ्यात अवघड. आपण वाचवून आणलेलं असतं, प्रेम ओतू जात असतं, घरातली मुलं नाकं लावून बसलेली असतात, शेजारचे बघायला येतात, व्हिडिओ कॉलवर मावशीला दाखवायचं असतं. बुंदीला पहिल्या दिवशी मी चार वेळा उचलायचा प्रयत्न केला, "सवय लागली पाहिजे" म्हणून, आणि चारही वेळा तिने पाठीवर पडून दात दाखवले. वरून येणारा हात म्हणजे तिच्यासाठी घार.

पाचव्या वेळेला चावली, अंगठ्याला, खोल. (चावल्यावर हात झटकू नका, तो लांब जाऊन आपटतो. खाली टेकवा, तो सोडतो. मग साबणाने भरपूर धुवा आणि डॉक्टरांना विचारून धनुर्वाताचं इंजेक्शन बघा.)

मग मी नियम केला. रोज रात्री साडेनऊला, एकाच वेळेला, अन्न आणि पाणी बदलायचं, हळू आवाजात तेच एक वाक्य बोलायचं, "बुंदे, जेवण आलं गं", आणि निघून जायचं. दिवसा उठवायचं नाही. टँकच्या तीन बाजूंना कापड. दिसत नसेल तर काळजी वाटते की आत मेली की काय, तर त्यासाठी वाळूचा पृष्ठभाग संध्याकाळी सपाट करून ठेवा, सकाळी पावलं उमटलेली असली की ठीक. अन्न मोजून टाका, वाळूत पावलं, बाटलीची रेघ, लेंड्या कोरड्या आणि टणक, एवढं सगळं न भेटता कळतं.

तिसऱ्या रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले तर अंधारात खरखर ऐकू आली. मोबाईलचा उजेड भिंतीवर मारून लांबूनच बघितलं. ती टिश्यूची पट्टी दोन्ही हातांनी धरून गालात कोंबत होती, अख्खी, लांबलचक, तोंड फुगून चौकोनी झालेलं, आणि मग त्या तोंडासकट काचेलगत खणलेल्या भोकात मागे सरकत सरकत गेली. परत आली, दुसरी पट्टी. मी अर्धा तास तिथेच उभी.

खाणं कसं बदलायचं

नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेला हॅमस्टर म्हणजे नुसत्या फरसाणावर वाढलेलं पोर. वजन कमी असूनही चरबी खाण्याची सवय. एकदम बदललं तर उपाशी बसेल किंवा जुलाब, म्हणून दहा-बारा दिवस घ्या: आधी तीन भाग जुनं एक भाग नवं, मग अर्धं अर्धं, असं.

माझं मिश्रण किराणा दुकानातलंच आहे. ज्वारी, बाजरी, राळे, थोडी नाचणी, साधे ओट्स, चिमूटभर जवस आणि तीळ, चार-दोन भोपळ्याच्या बिया. सूर्यफूल आता फक्त खाऊ म्हणून, दिवसाला दोन. सीरियनला रोज एक मोठा चमचाभर कोरडं पुरतं, ड्वार्फला एक छोटा चमचा. वाटीत देऊ नका, बेडिंगवर उधळा, शोधून खाऊ दे, त्यातच त्याची रात्र जाते. प्रथिनं पाहिजेत, अशक्त असेल तर जास्तच: एक दिवसाआड उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा किंवा मोड आलेले तीन-चार मूग. भाजी धुवून, चण्याएवढी: काकडी, कोथिंबीर, गाजर. पहिल्या आठवड्यात काकडीपलीकडे ओलं काही नको. ड्वार्फला मधुमेह होऊ शकतो, त्यांना फळ, गाजर जवळपास बंदच.

अजिबात नाही: कांदा, लसूण, लिंबू-संत्रं, चॉकलेट, कच्चा बटाटा, कच्चा राजमा, मीठ-तिखटाचं काहीही, पोळीचा तुपाचा तुकडा पण नाही, आजीला नीट समजावून सांगा. चिकट गूळ किंवा चिक्की गालाच्या पिशवीत अडकून बसते.

आणि एक, तो जे देतो ते खातो असं नाही, बरंच लपवतो. लपवलेला साठा आपण "साफ" करायचा नाही, फक्त त्यातलं ओलं, सडणारं उचलायचं.

हात ओळखीचा करणं

पाचव्या-सहाव्या दिवसापासून सुरू करा, तेही त्याने तुमच्यासमोर खायला सुरुवात केली असेल तरच. नसेल तर अजून थांबा, बुंदीला नऊ दिवस लागले.

आधी टिश्यूचा तुकडा रात्रभर उशीखाली ठेवून सकाळी टँकमध्ये टाकायचा. तिने तो घरट्यात नेला तर समजा तुमचा वास मान्य झाला. मग हात बिनवासाच्या साबणाने धुवून, पालथा नाही, उताणा, कोपऱ्यात बेडिंगवर ठेवायचा आणि दहा मिनिटं हलवायचा नाही. हाताला जेवणाचा वास असेल तर बोट म्हणजे जेवण समजून चावतील, त्यात त्यांची चूक नाही. हळूहळू भोपळ्याची बी बोटांत, मग तळव्यावर, मग तळव्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे पुढचे दोन पाय हातावर ठेवल्याशिवाय मिळणार नाही अशी. हे एकेक पाऊल दोन-तीन दिवसांचं. कान मागे, अंग चपटं, दात कटकट, की त्या दिवशी दुकान बंद.

उचलायची वेळ आली तर हाताने नाही, मगने. प्लास्टिकचा मोठा मग आडवा ठेवला, आत बी, ती आत गेली की मग उचलून न्यायचा. इंग्रजी व्हिडिओत बाथटबमध्ये बसून दोस्ती करतात, आपल्याकडे बाथटब कुठला, मी बाथरूम आदल्या रात्री फिनेलशिवाय नुसत्या गरम पाण्याने धुवून सुकवलं, ट्रॅपच्या जाळीवर फरशीचा तुकडा, कमोडचं झाकण बंद, दाराखाली टॉवेल कोंबला आणि मांडी घालून खाली बसले. पंधरा मिनिटं तिने माझ्याकडे लक्षही दिलं नाही, सोळाव्या मिनिटाला गुडघ्यावर.

सुटलाच घरात तर घाबरून कपाटं ओढू नका, चिरडतो. सगळ्या खोल्यांची दारं बंद करून उंबरठ्यापाशी गव्हाचं पीठ पसरा, सकाळी पावलं दिसतात कुठे आहे ते, मग त्या खोलीत त्याचं घर उघडं ठेवा.

साफसफाई

दर आठवड्याला सगळं रिकामं करून धुणं हीच क्रूरता आहे, प्रेमाने केलेली. लघवीचा कोपरा रोज उचला, बहुतेक तो वाळूतच असतो, वाळू चाळून घ्या. बेडिंग महिन्या-दीड महिन्यातून एकदा, आणि तेव्हाही एक तृतीयांशच, घरटं न मोडता. हात लावल्यावर हात धुवा, मुलांनाही लावा सवय, घरात कोणी गरोदर असेल तर साफसफाई दुसऱ्याने करावी. केस गोल गोल गळत असतील तर नायटा असू शकतो आणि तो आपल्यालाही होतो.

दोघं असतील किंवा एकाची दहा झाली तर

दोन सीरियन एका पिंजऱ्यात असतील तर आजच वेगळे करा, उद्या नाही. मोठे झाल्यावर ते एकमेकांना मारूनच टाकतात, "बरोबर होता तो मेला" ची गोष्ट बहुतेक तीच असते. मादी नराबरोबर राहिली असेल तर ती गाभण धरूनच चाला, सीरियनचा गर्भकाळ फक्त १६ दिवसांचा, म्हणजे आणल्यापासून तीन आठवड्यांत कळतंच. पिल्लं झाली तर दोन आठवडे घरट्याकडे बघायचंही नाही, हात लावायचा नाही, फक्त अन्न-पाणी आणि जास्त अंडं. घाबरलेली आई पिल्लं खाते. चौथ्या आठवड्यात नर-मादी वेगळे करायचे, नाहीतर गोष्ट पुन्हा सुरू.

ऊन आणि थंडी

एप्रिल-मे हा खरा शत्रू. त्यांना २० ते २४ डिग्री मानवते आणि आपल्याकडे दुपारी खोलीतच ३४. घाम येत नाही त्यांना. आडवं ठेवलेलं मातीचं मडकं आत गार राहतं, शहाबादी फरशीचा तुकडा बेडिंगवर ठेवा, ती त्यावर पोट टेकून पसरते. पाण्याची बाटली गोठवून कापडात गुंडाळून काचेच्या बाहेरून टेकवा. पंखा थेट अंगावर नको. जीभ बाहेर, अंग ओलं, उठत नाही, म्हणजे उष्माघात: गार खोलीत न्या, गार ओल्या कापडावर ठेवा, बर्फ नाही, आणि डॉक्टर.

थंडीत उलटं. पुण्या-नाशकात जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास जातो तेव्हा हॅमस्टर थंडगार, ढिला पडलेला सापडू शकतो, मेल्यासारखा. पुरू नका! मिशा बघा, हलतात का, श्वास मिनिटाला एखाद-दुसरा असू शकतो. हातात धरून, कापडात गुंडाळलेल्या कोमट पिशवीजवळ, तास-दोन तास हळूहळू ऊब द्या. शुद्धीवर आला की पाणी, खाणं, आणि मग डॉक्टरचा फोन.

बुंदीचं वजन तिसऱ्या आठवड्यात ९७ झालं, मग एका आठवड्यात परत ९१, मी रडकुंडीला आले. डॉक्टरांनी बघितलं तर पुढचा एक दात वाकडा वाढून लागत होता, तो कापून दिला आणि वाढ परत सुरू झाली. सातव्या आठवड्यात ११८. पूर्ण माणसाळली म्हणाल तर नाही, अजूनही झोपेतून उठवलं की दात कटकटवते, आणि ती तशीच राहिली तरी माझी काही तक्रार नाही.

जूनमध्ये ते लोक गावाहून आले तेव्हा पोरगा एका रात्री दहाला बघायला आला, उशिराच यायला सांगितलं होतं. टँकसमोर अर्धा तास बसला. तळव्यावर बी ठेव म्हटलं, तर हात मागे. "चावेल." मग ठेवला. ती आली, वास घेतला, बी गालात भरली आणि मागे सरकत बिळात गेली. "कुठे गेली?" "ठेवायला." तो अजून दहा मिनिटं हात तसाच धरून बसला. आता दर रविवारी फॉइलचे रिकामे रोल आणून देतो, बेल वाजवतो, "बुंदीचं सामान" म्हणतो आणि जिन्याने पळून जातो.